सांदवाडीतली मिरची

धान कापून, चुरून घरात आलं की चंद्रपूर-गडचिरोलीच्या कितीतरी गावांतली वर्दळ ओसरते. गोंडपिपरी, मूल, चामोर्शी, अहेरी अशा तालुक्यांतून बाया-माणसं गाड्या भरभरून तेलंगणाकडे निघतात. जानेवारीपासून उन्हं चढेपर्यंत वरंगल, खम्मम, मुलुगूच्या शिवारांत लाल मिरचीची तोडणी चालते. गावात कुणाची चौकशी केली आणि ‘मिरची तोडायला गेले’ असं उत्तर आलं, की पुढचं काही विचारावं लागत नाही. मार्च २०२०च्या टाळेबंदीत हेच मजूर परमुलखात अडकले आणि कित्येकांनी पायीच गावची वाट धरली. जानेवारी २०२४मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटून काही बाया दगावल्या. पैलतीरावर, चंद्रपूर जिल्ह्यातल्या शेतात, त्या मिरची तोडायलाच निघाल्या होत्या.

दुसऱ्यांची मिरची तोडून ज्यांच्या बोटांची आग होते, त्यांच्या घरामागच्या सांदवाडीतही मिरचीची दोन-चार झाडं असतात. शेतातल्या मिरचीचं बी बहुधा संकरित असतं आणि ते दर हंगामाला विकत घ्यावं लागतं. सांदवाडीतल्या मिरचीचं बी मात्र घरचंच असू शकतं. गेल्या वर्षीच्या झाडावरून राखलेलं, नाहीतर शेजारणीने पुडीत बांधून दिलेलं. ते कसं निवडावं, कधी पेरावं आणि पुढच्या वर्षासाठी कसं टिकवावं, हे कळलं की मिरचीसाठी बाजाराकडे पाहावं लागत नाही.

बी कोणतं?

मिरची मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या गलबतांतून ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि पाहता पाहता काळ्या मिऱ्याला मागे सारून देशाच्या स्वयंपाकघरात शिरली. माणसाने लागवडीखाली आणलेल्या मिरचीच्या जाती पाच. आपल्याकडची बहुतेक हिरवी-लाल मिरची त्यांतल्या ‘कॅप्सिकम अॅन्युअम’ या जातीची. गेल्या काही शतकांत प्रत्येक मुलखाने तिला आपलं रूप दिलं. विदर्भात हा मान भिवापुरी मिरचीचा. नागपूरहून नागभीडकडे येताना लागणाऱ्या भिवापूरच्या नावाने ती ओळखली जाते. रंग गडद लाल, तिखटपणा बेताचा. तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण जास्त उत्पन्न देणाऱ्या संकरित वाणांपुढे तिचं क्षेत्र मात्र आक्रसत गेलं.

घरी लावायची असेल तर अशी देशी किंवा सरळ वाणाची मिरची घ्यावी. ‘पुसा ज्वाला’ किंवा राहुरी कृषी विद्यापीठाची ‘फुले ज्योती’ ही सरळ वाणं आहेत. त्यांचं बी राखता येतं. बाजारातल्या किंवा तोडणीहून गाठोड्यात आलेल्या वाळक्या मिरचीचं बीही उन्हात वाळवलेलं असेल तर उगवतं. मात्र ती संकरित वाणाची असेल तर पुढच्या पिढीत झाडागणिक वेगळी फळं येतात: कुठे लांब, कुठे बुटकी, कुठे तिखट, कुठे फिकी. खाण्यापुरती ती चालतील. त्यांच्यापासून एकसारखं बी मात्र मिळणार नाही.

पेरण्याआधी बियांची परीक्षा घ्यावी. दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबेच्या जागी ठेवाव्यात आणि फडकं वाळू देऊ नये. आठ-दहा दिवसांत सात-आठ बियांना मोड आले, तर बी चांगलं. दोन-तीनच उगवल्या, तर दुसरं बी शोधावं. मिरचीचं बी नीट वाळवून ठेवलं तर दोन-तीन वर्षं टिकतं. त्यानंतर त्याचा भरवसा धरू नये.

हंगाम साधला तर सगळं साधलं

शहरी बागकामाच्या पुस्तकात ‘मिरची वर्षभर लावता येते’ असं लिहिलेलं असतं. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात मात्र पारा ४५ अंशांच्या वर जातो, गडचिरोलीत पावसाळाभर मुबलक पाऊस कोसळतो, आणि पौषातल्या रात्री जंगलाकाठच्या गावांत हुडहुडी भरते. मिरचीला यांतलं काहीच सोसत नाही. बी उगवायला तिला २५ ते ३० अंश ऊब लागते. १५ अंशांच्या खाली बी मातीत नुसतं पडून राहतं. फुलं धरतात ती दिवसा २० ते ३० अंशांच्या आसपास. ऊन ३५च्या पुढे गेलं की फुलं गळू लागतात. एप्रिलमध्ये हिरवंगार झाड फळत नाही म्हणून खत घालणारे पुष्कळ असतात, पण दोष खताचा नसतो. तेव्हा दुपारी सावली करावी, सकाळी पाणी द्यावं आणि वाट पाहावी.

घरच्या मिरचीसाठी आपल्याकडे सोयीची वेळ म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. तेव्हा माती उबदार असते, पावसाचा जोरही ओसरू लागतो. ऑक्टोबरात रोप मोठ्या जागी जातं, नोव्हेंबर-डिसेंबरात फुलतं आणि उन्हाळा तापेपर्यंत फळं देत राहतं. मृगात पेरायचंच झालं, तर वाफा वीतभर उंच हवा. धानाची रोपं बांधीतल्या पाण्यात उभी राहतात. मिरचीच्या मुळांशी दोन दिवस पाणी साचलं तरी झाड मान टाकतं.

पऱ्ह्यापासून रोपापर्यंत

धानाचे पऱ्हे टाकणं इथल्या प्रत्येक शेतकरी घराला ठाऊक आहे; मिरचीला तीच नजर लागते, फक्त पाणी कमी. जुनी परडी, फुटकं घमेलं, तेलाचा कापलेला डबा, काहीही चालतं. तळाला भोकं हवीत. तलावातला वाळलेला गाळ, नदीची वाळू आणि वर्षभर कुजलेलं शेणखत समान भागांत मिसळावं. ताजं शेण घालू नये. त्याच्या उष्णतेने आणि बुरशीने कोवळे मोड जातात. बी अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा खोल टाकू नये. वरून तणसाचा पातळ थर पसरून हाताने पाणी शिंपडावं. हिरवे ठिपके दिसले की त्याच दिवशी तणस काढावी, नाहीतर रोपं पिवळी पडून लांबट होतात.

याच वयात मिरचीचा पहिला मोठा शत्रू येतो. काल सरळ उभं असलेलं रोप आज जमिनीलगत पिचून आडवं झालेलं दिसतं. ही मातीतल्या बुरशीची करणी. ओल फार झाली आणि रोपं दाटीने उभी राहिली की ती फोफावते. विरळणी करावी, संध्याकाळऐवजी सकाळी पाणी द्यावं आणि मिळाली तर शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिसळावी. सिंदेवाही आणि सोनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रांत याबद्दल विचारता येतं.

पाच-सहा आठवड्यांत रोप वीतभर होतं. तेव्हा ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी ते हलवावं. जमिनीत दीड-दोन फूट अंतर ठेवावं. कुंडी असेल तर निदान दहा-बारा इंच खोल. लागवडीनंतर दोन-अडीच महिन्यांत हिरवी मिरची हाती येते. लाल व्हायला आणखी तीन-चार आठवडे लागतात.

पानं वळली, आक्रसली, तर समजावं, कोकडा आला. फुलकिडे आणि कोळी पानांतला रस शोषतात; पांढरी माशी विषाणू पसरवते. पहिल्या दोघांवर निंबोळी अर्काचं पाच टक्क्यांचं द्रावण वेळेवर फवारलं तर ते आटोक्यात येतात. विषाणू लागलेलं झाड मात्र उपटून जाळावं. त्याच्यावर दया केली तर बाकीची जातात.

पाखरांना का चालतं?

सांदवाडीत कुणी न पेरलेलं मिरचीचं रोप उगवतं, तेव्हा ते बहुधा बुलबुलाने पेरलेलं असतं. मिरचीचा जाळ करणारा कॅप्सेसिन हा पदार्थ सस्तन प्राण्यांच्या चेतातंतूंवरच्या उष्णता ओळखणाऱ्या एका प्रथिनाला चेतवतो, म्हणून जीभ भाजल्यासारखी वाटते. हे प्रथिन डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७मध्ये शोधलं. त्या कामासाठी २०२१मध्ये त्यांना नोबेल विभागून मिळालं. पाखरांच्या शरीरातलं हेच प्रथिन कॅप्सेसिनला दाद देत नाही. चावून बी फोडणाऱ्या प्राण्यांना दूर ठेवायचं आणि बी अख्खं गिळून लांब टाकणाऱ्या पाखरांना बोलवायचं, हा रानमिरचीचा डाव.

२०२१पासून छत्तीसगडमार्गे आलेले रानहत्ती गडचिरोलीच्या धानात उतरू लागले आहेत. आफ्रिकेत आणि आसामात हत्तींना पिटाळायला मिरचीचा धूर वापरतात, त्यामागेही हेच शास्त्र आहे. एक समज इथेच दूर करावा: मिरचीतला सर्वांत तिखट भाग बी नसून, बी ज्याला चिकटलेलं असतं तो आतला पांढरट गाभा आहे. त्याला लागून राहिल्याने बीही तिखट लागतं.

बी राखणं

नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३मध्ये ‘पटेल-३’ धानाच्या बांधीत तीन वेगळ्या लोंब्या पाहिल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, पुन्हा पुन्हा पेरल्या, आणि त्यांतून ‘एचएमटी’ तांदूळ उभा राहिला. मिरचीला हीच नजर लागते, आणि जागा तर चार कुंड्यांची.

झाड निवडायचं ते पूर्ण झाड पाहून. एखादंच टपोरं फळ पाहून बी काढू नये. कोकडा न आलेलं, भरपूर लागलेलं, चव घरच्यांना मानवणारं झाड हेरावं आणि त्याला दोरा बांधावा. त्यावरची दुसऱ्या-तिसऱ्या तोड्याची फळं पूर्ण लाल होऊ द्यावीत. मिरची स्वतःच्याच परागावर फळ धरते, पण मधमाश्या परकेही पराग आणतात. प्रमाणित बियाण्यासाठी दुसऱ्या वाणापासून २०० मीटर अंतर लागतं. घरी तेवढं जमत नाही. तेव्हा कळ्या उमलायच्या आधीच एका फांदीवर जुन्या मच्छरदाणीची पिशवी चढवावी, रोज सकाळी फांदी हलवावी आणि फळ धरलं की पिशवी काढावी. फळं सावलीत वाळवून बी काढावं, थोडी कोरडी राख मिसळून काचेच्या बाटलीत भरावं आणि बाटलीवर वाण व वर्ष लिहावं. शेतकऱ्याने आपलं बी राखावं, वाटावं, अदलाबदल करावं, हा हक्क २००१च्या पीक वाण संरक्षण कायद्यानेही मान्य केला आहे.

दिवाळीच्या सुमारास सप्टेंबरचं रोप नुकतंच जागेवर गेलेलं असेल आणि मृगातलं झाड लाल होऊ लागलेलं. दोरा बांधायची वेळ हीच. कारण भाऊबीजेच्या स्वयंपाकासाठी सांदवाडीत जाणारा हात नेहमी सगळ्यांत चांगल्या झाडाकडेच वळतो, आणि राखायला हवी ती मिरची नेमकी ठेच्यात जाते. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: दोरा बांधलेल्या झाडाची मिरची तोडायची नाही.