भीमाकाठचे भाऊबंदकीचे युद्ध

सातवीच्या वर्गात चाकणच्या संग्रामदुर्गाची गोष्ट सांगत होतो. १६६० साली शाइस्ताखानाने वेढा दिला आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी थोड्याशा शिबंदीनिशी हा भुईकोट जवळपास दोन महिने झुंजवला. तास संपल्यावर एक मुलगा टेबलाजवळ आला. त्याचे वडील इथल्याच कारखान्यात कामाला आहेत. त्याने हळूच विचारले, "सर, यात आपण कुणाकडून होतो?"

'आपण' म्हणजे कोण, हे त्याला सांगावे लागले नाही. आपल्या घरांतली बरीच मुले हा प्रश्न मनात घेऊन इतिहासाच्या तासाला बसतात. त्याला मी चाकणहून थोडे पुढे, खेडला घेऊन गेलो. आजचे राजगुरुनगर. तिथे भीमेच्या काठी १२ ऑक्टोबर १७०७ रोजी जी लढाई झाली, तिच्यात दोन्ही बाजूंना मराठेच होते.

एक वर्ष, दोन घरे

मार्च १७०७ मध्ये अहमदनगरजवळ औरंगजेबाचा इंतकाल झाला आणि त्याच्या मुलांत तख्तासाठी जंग पेटली. जूनमध्ये आग्र्याजवळ जाजऊ येथे मुअज्जम आणि आजम हे सावत्र भाऊ समोरासमोर आले. आजम मारला गेला. दीड वर्षाने तिसरा भाऊ कामबख्श हैदराबादजवळ लढताना जखमी होऊन मेला. मुअज्जम बहादुरशाह म्हणून तख्तावर राहिला, पण दोन भाऊ गमावून.

या लढाईला निघताना आजमने माळव्यात एका कैद्याला सोडले होते. ते म्हणजे संभाजीराजांचे पुत्र शाहू. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा ते सात वर्षांचे होते. सुटले तेव्हा पंचविशीत पोहोचले होते. मुघल छावणीत औरंगजेबाची मुलगी जीनतुन्निसा हिने त्यांना आणि त्यांच्या आईला मायेने वागवले. तरी कैद ती कैदच. सुटकेतही हिशेब होता. शाहू दक्षिणेत गेले की मराठ्यांत दुफळी पडेल, हा तो हिशेब. आई येसूबाई ओलीस म्हणून मागेच राहिल्या, त्या १७१९ पर्यंत.

दक्षिणेत महाराणी ताराबाई होत्या. पती राजाराम गेल्यापासून सात वर्षे त्यांनी औरंगजेबाशी टक्कर दिली होती. त्यांचे म्हणणे असे की संभाजीराजांचे राज्य बुडाले. आज जे आहे ते राजारामांनी आणि आम्ही नव्याने उभे केले, त्यावर माझ्या मुलाचा हक्क. शाहूंचे म्हणणे, थोरल्या घरचा वारस मी. दोघांच्या बाजूने बोलता येईल असाच हा वाद होता. घरच्या वाटणीचे वाद बहुतेक असेच असतात.

खेडची लढाई

शाहू भीमेकाठी येऊन ठेपले. ताराबाईंनी त्यांच्यावर सेनापती धनाजी जाधव आणि परशुरामपंत प्रतिनिधी यांना पाठवले. सरदारांकडून दूधभातावर हात ठेवून इमानाची शपथ घेतली होती. आलेला माणूस तोतया आहे, असेही सांगितले गेले. पण खंडो बल्लाळ चिटणिसांमार्फत धनाजींची खात्री पटली की हे खरेच शाहू आहेत. लढाईच्या दिवशी धनाजींनी शाहूंचा पक्ष घेतला. परशुरामपंत लढले, हरले आणि साताऱ्याकडे निघून गेले. धनाजींच्या पदरी तेव्हा बाळाजी विश्वनाथ नावाचे कारकून होते. तेच १७१३ मध्ये पेशवे झाले.

लढाई लहान होती, पण गादी कुणाची हे तिने बरेचसे ठरवले. उरलेले साताऱ्यात ठरले, आणि तिथे शेखमिरा हे नाव येते.

सातारचा किल्ला ताराबाईंच्या बाजूने राखणारा शेखमिरा वाईचा. शाहूंनी वाईहून त्याची बायकामुले धरून आणली आणि किल्ला दिला नाही तर तोफेच्या तोंडी देऊ, असा निरोप पाठवला, असे इतिहासकार लिहितात. परशुरामपंत किल्ला सोडायला तयार नव्हते. शेवटी शेखमिराने त्यांनाच कैद केले आणि दरवाजा उघडला. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला. शेखमिराच्या घराण्याला पुढे इनाम मिळाले.

त्याला निमकहराम म्हणायचे की बायकामुलांचा जीव वाचवणारा बाप? मुलांना मी हा प्रश्न विचारला. वर्गाचे दोन भाग पडले. मुख्य म्हणजे तो मुसलमान होता म्हणून असा वागला, असे एकाही मुलाच्या तोंडून आले नाही.

भांडण मात्र मिटले नाही. सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या आणि १७३१ च्या वारणेच्या तहापर्यंत, म्हणजे चोवीस वर्षे, तंटा चालला. विशेष म्हणजे ज्यांच्याविरुद्ध फौज धाडली, त्या शाहूंच्याच आश्रयाला ताराबाई अखेर साताऱ्यात येऊन राहिल्या. एवढेच करायचे होते, तर भीमेचे पाणी लाल कशाला केले? सूरह हुजुरातमध्ये मोमिनांचे दोन गट लढले तर त्यांच्यात न्यायाने सुलूह घडवून आणण्याचा हुकूम आहे. जाजऊच्या भावांना तो माहीत नव्हता असे थोडेच आहे! खेडलाही कुणी वडीलधारा मध्ये पडला नाही. हुकूम माहीत असणे वेगळे आणि घरातली जमीन, गादी, दुकान समोर असताना तो पाळणे वेगळे.

त्या मुलाला मी म्हटले, "बेटा, जाजऊला मुसलमान मुसलमानाशी लढला, खेडला मराठा मराठ्याशी. या लढाया गादीच्या होत्या. चाकणचा वेढाही याच नजरेने पाहा. फौजा राजांच्या होत्या. तुझ्या बाजूचा शेजारी आणि तू, दोघेही त्यात नव्हता." त्याने मान हलवली. पटले की नाही ते कळायला वेळ लागेल.

पुणे-नाशिक रस्त्याने कधी जाल तेव्हा राजगुरुनगरला थांबा. तिथे निजामशाहीच्या काळातली दिलावरखानाची कबर आणि मस्जिद आहे. १७०७ ची लढाई झाली तेव्हाही त्या वास्तू उभ्या होत्या. मुलांना सोबत न्या. भीमेकाठी दोन्ही बाजूंनी जे पडले त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. मुलांना त्यांचीही गोष्ट सांगा.