एका मापाची परीक्षा

पूर्वी आपल्याकडे धान्य मोजण्याची मापे प्रांतोप्रांती निराळी असत. एका पेठेतील पायली दुसऱ्या पेठेतील पायलीशी जुळेलच, असा भरवसा नसे. विद्यापीठांतील गुणांची स्थिती आजही काहीशी तशीच आहे. चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातील ७० टक्के आणि पुण्याच्या विद्यापीठातील ७० टक्के यांचे मोल सारखेच आहे काय, हे सातासमुद्रापलीकडील प्राध्यापकाने कसे ठरवावे?

निरनिराळ्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची तुलना करण्याची हीच अडचण अमेरिकेतही होती. ती दूर करण्यासाठी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व कोलंबिया या विद्यापीठांनी कार्नेगी प्रतिष्ठानाच्या साहाय्याने १९३६ च्या सुमारास एक प्रयोग आरंभिला. तीच आजची जी.आर.ई. परीक्षा होय. तिच्या भाषा व गणित या विभागांना प्रत्येकी १३० ते १७० आणि लेखनाला ० ते ६ असे गुण मिळतात. भाषा व गणित यांचे दोन दोन भाग असतात; पहिला भाग चांगला सोडविणाऱ्यास दुसरा अधिक कठीण येतो, आणि गुण देताना ही काठिण्याची पातळी हिशेबात धरली जाते.

गुणांबरोबर ‘पर्सेंटाइल’ही कळविले जाते. ८० पर्सेंटाइल म्हणजे ८० टक्के उत्तरे बरोबर, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. शंभर परीक्षार्थींपैकी ८० जण त्या गुणांच्या खाली आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

मात्र पायलीने धान्य किती ते कळते. पेरल्यावर ते उगवेल की नाही, हे कळत नाही. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियास गेले, तेव्हा ही परीक्षाच अस्तित्वात नव्हती. चंडीगडच्या पंजाब अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९८२ मध्ये पदवी घेऊन कल्पना चावला टेक्सासला गेल्या. १९८८ मध्ये त्यांनी कोलोरॅडो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली व १९९७ मध्ये त्या अवकाशात पोहोचल्या. एवढ्या वर्षांची चिकाटी दोन तासांच्या परीक्षेत कशी मोजली जाणार?

ही मर्यादा ओळखून अनेक विद्यापीठ-विभागांनी २०२० नंतर ही परीक्षा ऐच्छिक केली किंवा तिची अट काढून टाकली. काहींनी मात्र ती कायम ठेवली आहे. शुल्क आणि शिकवणी यांचा खर्च साध्या कुटुंबाला जड जातो. म्हणून विद्यार्थ्याने आधी आपल्या इच्छित विभागाचा नियम वाचावा आणि मगच परीक्षेचे शुल्क भरावे. एकदा मिळालेले गुण पाच वर्षे ग्राह्य धरले जातात. तेव्हा घाई करण्याचेही कारण नाही.