विश्लेषण : जुन्या मोटरसायकलवर पावसाआधी किती खर्च करावा?

खर्डी आणि कसारा यांच्यामधल्या उंबरमाळीसारख्या गावात मोटरसायकल ही हौस नसते. स्टेशनवर लोकल गाठायची, शहापूरला बाजार करायचा, रात्री दवाखाना गाठायचा, तर तीच. त्यामुळे होळी झाली की प्रश्न पडतो. बारा-पंधरा वर्षांच्या गाडीला साधी सर्व्हिसिंग पुरेल, की मेकॅनिक म्हणतो तसे इंजिनकाम काढायचे?

आधी काय पाहावे?

ब्रेक. जुन्या १०० सीसी गाड्यांना बहुधा पुढे-मागे ड्रम ब्रेक असतात आणि कसारा घाटाच्या उतारावर त्यांचीच परीक्षा होते. मागचा ब्रेक दाबल्यावर आर्मवरचा बाण ड्रमवरच्या खुणेपर्यंत गेला, तर लायनर संपले. नट आवळून ब्रेक लागतो, पण झिजलेले लायनर त्याने परत येत नाहीत. टायरच्या खाचांत बारीक आडव्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर बदलायचा. नक्षी शिल्लक आहे, पण दिवसभर स्टेशनबाहेर उन्हात उभे राहून कडेला भेगा पडल्या आहेत, तरीही बदलायचाच. टायरवरचा चार आकडी शिक्का त्याचे वय सांगतो: १८१९ म्हणजे २०१९ चा अठरावा आठवडा.

या दोन गोष्टींत काटकसर नको. बाकी ठिकाणी करता येते.

चेनसेट बदलायचा का?

मागच्या स्प्रॉकेटच्या पाठीमागून चेन ओढून पाहावी. दाता अर्धा उघडा पडला, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावेत. नवी चेन झिजलेल्या दात्यांवर फार टिकत नाही. तसे नसेल, तर साफसफाई, ऑइल आणि ताण नीट करणे पुरे.

इंजिनकाम कधी?

या इंजिनांत ऑइल जेमतेम लिटरभर मावते. ते जुने झाले की बदलायचेच, हा स्वस्तातला विमा. पण इंजिन खोलण्याआधी धूर पाहावा. थंडीत सकाळी क्षणभर दिसणारा पांढरा धूर ही नुसती वाफ. काळा धूर असेल, तर एअर फिल्टर आणि कार्बोरेटर आधी पाहावेत. धुळीच्या रस्त्यांवर फिल्टर लवकर तुंबतो. निळसर धूर येतो आणि ऑइलची पातळीही उतरते, तेव्हाच रिंग, पिस्टन किंवा व्हॉल्व्ह सीलचा विषय. नुसता 'आवाज येतो' म्हणून इंजिन खोलू देऊ नये. आवाज टॅपेट किंवा टायमिंग चेनचाही असतो.

पेट्रोलचे काय?

आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी ओढते आणि जुन्या रबरी नळ्यांना ते मानवेलच असे नाही. म्हणून पेट्रोलची नळी कडक किंवा चिकट झाली असेल, तर बदलावी. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचे रबरही महत्त्वाचे.

कागदपत्रांचा संबंध काय?

हिशेबात सर्वात जास्त विसरली जाते ती आरसीवरची तारीख. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते आणि मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. हिरो आणि होंडा २०११ मध्ये वेगळे झाले; त्यामुळे टाकीवर 'हिरो होंडा' असलेल्या बहुतेक गाड्या या उंबरठ्यावर आहेत किंवा तो ओलांडून गेल्या आहेत. तिथे दिवे, हॉर्न, ब्रेक, टायर पाहिले जातात. म्हणजे मोठ्या इंजिनकामाला होकार देण्याआधी नूतनीकरणाचे शुल्क आणि ही कामे मिळून किती होतात ते मांडावे, आणि गॅरेज जूनआधीच गाठावे. पहिल्या सरीनंतर तिथे रांग लागते.