‘तो’ की ‘टोऊ’?

रायपूरजवळच्या बीरगांवात माझी पाळी हिंदीत, घर मराठीत आणि शेजार छत्तीसगढीत चालतो. त्यामुळे चौथ्या भाषेची हौस ऐकून बायको हसली. उरला औद्योगिक वसाहतीतली पाळी संपवून मी मोबाइलवर ‘इन्क्युबस’ पाहत होतो. १९६६चा हा अख्खा सिनेमा एस्पेरांतो या घडवलेल्या भाषेत आहे, तीच माझी चौथी. नायक विल्यम शॅटनर, त्याच वर्षी ‘स्टार ट्रेक’मध्ये झळकलेला. एस्पेरांतोवाल्यांनी त्यातल्या उच्चारांना नावं ठेवली, ती उगाच नाही.

वॉर्साच्या डॉक्टर झामेनहॉफांनी १८८७ साली ही भाषा मांडली. एका अक्षराला एकच उच्चार, आघात शेवटून दुसऱ्या स्वरावर. इंग्रजी जिभेला मात्र सरळ ‘ओ’ जमत नाही, त्याचा ‘ओऊ’ होतो. ‘त’चा ‘ट’ होतो. मग एस्पेरांतोची होते ‘एस्परँटोऊ’. चॅप्लिनच्या ‘द ग्रेट डिक्टेटर’मध्ये (१९४०) ती दुकानांच्या पाट्यांवर आहे, तिथे निदान उच्चाराची भानगड नाही.

आपल्या विनोबांनीही ही भाषा शिकून पाहिली, शिकवणारा होता भटका प्रवासी तिबोर सेकेली. माझ्या मते मराठी माणसाचं अर्धं काम आधीच झालंय. देवनागरीत लिहा, ‘सालुतोन’, आणि दिसतं तसं वाचा. झाला नमस्कार.