चार अक्षरे, त्यांत एक एच

शब्बाथ सुटल्यावर आमच्या घरी कधी कधी स्क्रॅबलचा डाव मांडला जातो. डाव इंग्रजीतला, कारण नातवंडांना शाळेत इंग्रजीची परीक्षा असते, आणि मला शब्दकोश हाताशी घेऊन बसायची जुनी खोड आहे. मागे एकदा धाकट्याने पटावर क्यू, ओ, पी, एच अशी चार अक्षरे मांडली. थोरली नात लगेच म्हणाली, "आजी, हा लबाडी करतोय. क्यूच्या मागून यू हवाच." शब्दकोश उघडला. शब्द होता! उच्चार कोफ, अर्थ हिब्रू वर्णमालेतील एकोणिसावे अक्षर. क्यूचे दहा, ओचा एक, पीचे तीन, एचचे चार, मिळून गुण झाले 18. आपल्याकडे अठरा म्हणजे 'खाय', जीवन. खेथचे आठ आणि योदचे दहा. धाकटा त्या रात्री उड्याच मारत होता.

दुसऱ्या आठवड्यात मराठीच्या वर्गात मी मुलांना काम दिले: इंग्रजीत चार अक्षरी असे शब्द शोधा, ज्यांत एच आहे आणि जे एकतर हिब्रूतून गेले आहेत किंवा हिंदुस्थानातून. जमलेली यादी पाहून मलाच मौज वाटली. एका बाजूला बेथ, खेथ, टेथ, काफ, कोफ, रेश, शिन ही आपली अक्षरे, इंग्रजी कोशात शब्द म्हणून बसलेली. (खेथ इंग्रजीत दोन एच घालून लिहितात. सगळ्या पेटीत एचच्या सोंगट्या दोनच, तेव्हा तो शब्द लावायला नशीबही लागते.) दुसऱ्या बाजूला लाख, घाट, ठग, डाळ, आणि ढाक. ढाक हा हिंदी शब्द, आपण त्याला पळस म्हणतो. तीन पानांचा तोच. शिवाय चाय. मुले ते अक्षर पाहून 'खाय' वाचू लागली, कोशात मात्र अर्थ दिला होता मसाल्याचा चहा.

आता प्रश्न असा की या सगळ्यांत तो एच करतो काय? मुलांनो, इथे जरा थांबा आणि हाताचा तळवा तोंडासमोर धरा. 'पळ' म्हणा. आता 'फळ' म्हणा, ओठ मिटून, मराठीतला खरा फ. दुसऱ्या वेळी तळव्याला श्वास लागला ना? दार आणि धार, बार आणि भार, गाई आणि घाई, ताट आणि थाट, डोल आणि ढोल. जोडीतला दुसरा शब्द श्वास सोडून उच्चारायचा. व्याकरणात याला महाप्राण म्हणतात. ख घ छ झ ठ ढ थ ध फ भ, अशी दहा अक्षरे झाली. रोमन लिपीत यांच्यासाठी वेगळी अक्षरे नाहीत, म्हणून साध्या अक्षराला एच जोडतात. लाखमधला आणि घाटमधला एच तो हा.

पण इंग्रज माणूस ही खूण पाळत नाही. तो लाखला 'लॅक' म्हणतो, घाटला 'गाट'. ठगाची तर आणखी गंमत. टी आणि एच एकत्र दिसले की त्याची जीभ सवयीने दातांमध्ये जाते, आणि आपला ठग भलताच होऊन बाहेर पडतो. डाळीत उलटा प्रकार. डाळीत महाप्राण कुठेच नाही, तरी इंग्रजीत डीनंतर एच घालून लिहायची रीत पडली. लिहिले तसे वाचले तर ती ढाल होईल. जेवायला बसल्यावर ताटात ढाल!

हिब्रू नावांतला एच वेगळ्याच कामाचा आहे. बेथच्या शेवटी जो टीएच आहे तो ताव या अक्षरासाठी. पूर्वी ताव पोटात टिंब नसेल तेव्हा मऊ उच्चारत, जवळजवळ इंग्रजी 'थिंक'मधल्यासारखा. येमेनी मंडळी अजून तसे म्हणतात. अश्कनाझी तिथे स म्हणतात. आणि इस्राएलात आज सरळ त. म्हणून शाळेत मुले 'बेत' शिकतात आणि कोशात 'बेथ' सापडतो. आपल्या मराठी पुस्तकांत शब्बाथ असा थ लिहितात, तोही याच ताववरचा. कोफमधला पीएच म्हणजे फे, आणि शिनमधला एसएच म्हणजे श. महाप्राण यांत एकही नाही.

डोळ्यांतल्या सुरम्याला इंग्रजीत कोल म्हणतात. मधला एच उच्चारातून गळून गेला आहे. शब्द अरबी, पण त्याच धातूवरून हिब्रूत निळ्या रंगाला काखोल म्हणतात, हे मुलांना सांगितल्यावर पटेना. शेवटचा शब्द शुल. यिद्दिशमध्ये सिनॅगॉगला शुल म्हणतात. आपले वाडवडील मुंबईत सिनॅगॉगला मशीद म्हणत. 1796 सालचे शाअर हाराखमीम अजून जुनी मशीद म्हणूनच ओळखतात.

हे सारे मी खेळाच्या निमित्ताने सांगितले, पण मला रुतते ते वेगळेच. हिब्रूत महाप्राण लिहायची सोयच नाही. गांधींचे नाव इथे 'गांदी' असे लिहितात, आणि दिल्लीत, जिथे मुळी ह नाही, तिथे इंग्रजीवरून एक हे घुसवतात. तसेच आडनावांचे झाले. घोसाळकरांचा घ इथल्या कागदांवर गिमेल झाला, थळकरांचा थ नुसता त झाला, आणि ळ तर दोघांचाही गेला. वर्गातला एक मुलगा आपले गाव नकाशात शोधत होता. अलिबागच्या किनाऱ्यावर तो 'ताल' धुंडाळत बसला. गाव त्याच्या बोटाखालीच होते: थळ, नवगावला लागून, समोर खांदेरी-उंदेरी. त्याला ते ओळखूच आले नाही.

1832 साली मुंबईत जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरणाचे पुस्तक काढले, ते आपल्या लोकांसाठी. ते मिशनरी, त्यांचा हेतू निराळा होता, ते असो. पण त्या काळी आपली माणसे मराठीच्या आधाराने हिब्रू शिकली. आता माझ्यासमोर बसलेली मुले हिब्रूच्या आधाराने मराठी शिकतात. म्हणून वर्गात आम्ही एक घरगुती खूण ठरवली आहे. मराठी शब्द हिब्रू अक्षरांत लिहिताना महाप्राण आला की त्या अक्षराच्या डोक्यावर बारीक हे काढायचा. पुस्तकी नियम नव्हे, आपल्यापुरता.

पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकाने आजोबांचे आणि पणजोबांचे आडनाव देवनागरीत लिहून आणावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विनंती, मुलांनी विचारले तर नुसते लिहून देऊ नका. दोनदा मोठ्याने म्हणा, आणि त्यांचा तळवा तुमच्या तोंडासमोर धरा.