मोठं इंजिन, जुनी गाडी : लेखांक 7
चारशे सीसीचा हिशेब

आज बेल हाउसिंगचं सांगेन म्हणालो होतो. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण डोंबिवलीच्या एका वाचकाने असा प्रश्न विचारलाय की त्याला बगल देववत नाही. त्यांची महिंद्राची जुनी पिकअप, आत प्यूजो इंजिन, आता तेल प्यायला लागलेलं. शीळफाट्याचा मिस्त्री म्हणतो, महिंद्राचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन टाका. यांचं म्हणणं असं : "प्यूजो 2112 सीसी, डीआय 2523. हॉर्सपॉवर दोघांची साठीच्या आसपास. चारशे सीसीसाठी एवढा खटाटोप कशाला?"

प्रश्न रास्त आहे, फक्त मोजमाप चुकीच्या जागी लावलंय. प्यूजोचा बोअर 90 मिलिमीटर, स्ट्रोक 83. म्हणजे पिस्टन रुंद, दांडीची चाल आखूड. डीआयचं उलट : बोअर 88.9, स्ट्रोक 101.6. हे अपूर्णांक विचित्र दिसतात ना? इंचात करून बघा. साडेतीन इंच आणि बरोब्बर चार इंच. ही मापं ट्रॅक्टरकडून आली आहेत. 1963 मध्ये महिंद्राने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी हातमिळवणी करून बी-275 ट्रॅक्टर इथे बनवायला घेतला, त्याच्या इंजिनाचा स्ट्रोकही चार इंचच. प्यूजोचा परवाना नंतरचा, आणि ते घराणं मोटारीचं. मला स्वतःला हे ट्रॅक्टरचं गोत्र फार आवडतं, हा पक्षपात समजा हवं तर.

आता स्ट्रोक लांब म्हणजे क्रँकचा हात लांब, आणि लांब हाताने पाना फिरवला की नट लवकर सुटतो. प्यूजो दोन हजार फेऱ्यांवर बारा किलोग्रॅम-मीटरच्या आसपास टॉर्क देतं, बोलेरोत आलेलं डीआय दीड हजारावरच अठरा. दीडपट ओढ, तीही कमी फेऱ्यांवर. हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क गुणिले फेऱ्या. प्यूजो 4500 पर्यंत किंचाळून साठी गाठतं, डीआय 3200 वरच.

शीळफाट्याला याचा अर्थ लगेच कळतो. जेएनपीटीकडून आलेल्या कंटेनरच्या रांगेत महापे रस्त्याच्या तोंडाशी टनभर माल घेऊन हाफ क्लचवर सरकताना 4500 फेऱ्या कुणाला हव्यात? तिथे दीड हजारावरची ओढच कामाची. मुंब्रा बायपासच्या चढावरही तेच. शिवाय प्यूजोत डिझेल आधी बाजूच्या छोट्या कोठडीत पेटतं, तिच्या भिंती उष्णता खातात, म्हणून सकाळी हीटर लागतो आणि मायलेजही घटतं. डीआयमध्ये नोझल थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारतो.

पण थांबा. वाचक पुढे लिहितात की मिस्त्रीने मागचा क्राउन मोजला, 43 दात, पिनियनला 8. हे तर जुन्या विलीस जीपचंच प्रमाण! चौथ्या गिअरमध्ये इंजिनाच्या 5.38 फेऱ्यांना चाकाची एक. जीपच्या सोळा इंची टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर धरा. 3200 फेऱ्यांवर गाडी ताशी 80 ला येऊन दम संपवते. प्यूजो त्याच क्राउनवर 110 च्या पुढे जायचं. म्हणजे डीआय टाकून क्राउन तोच ठेवलात, तर फाट्यावर गाडी राजा आणि पनवेल हायवेवर ट्रॅक्टर. इंजिनाबरोबर कमी प्रमाणाचा क्राउन-पिनियन शोधावाच लागणार. माझा अनुभव असा की लोक इंजिनावर पैसे ओततात आणि क्राउनच्या वेळी खिसा चाचपतात. मग हायवेवर तळ गाठलेल्या इंजिनाचा दोष पंपवाल्याच्या माथी.

आता ज्या गोष्टीबद्दल वाचकांनी विचारलंच नाही ती. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसी बुकातली माहिती कंपनीच्या मूळ माहितीशी जुळली पाहिजे. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर कडक निकाल दिला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. राज्य सरकारच्या अधिसूचनेने आधी न विचारता इंजिन बदलायची मुभा मिळू शकते ती किमान दहा वाहतूक वाहनं असलेल्या मालकाला, तीही त्याच कंपनीच्या, त्याच प्रकारच्या इंजिनापुरती, आणि त्यालाही चौदा दिवसांत कळवावं लागतं. डोंबिवलीची एकटी पिकअप त्यात बसत नाही. 2112 चं 2523 होणार, इंजिन नंबर बदलणार, तेव्हा आधी कल्याणच्या एमएच-05 कार्यालयात लेखी विचारा. शीळ-डायघरकडची गाडी असेल तर ठाण्याचं 04. परवानगी मिळत नसेल, तर प्यूजोच खोलून बोअर करून घ्या. मला ट्रॅक्टर कितीही आवडला तरी सल्ला हाच.

परवानगी मिळाली, तर कुर्ल्याच्या बाजारात असो की फाट्याजवळच्या भंगारात, इंजिन घेताना नंबरची प्लेट खरवडलेली नाही ना, हे दिवसाउजेडी बघा, आणि मूळ गाडीच्या कागदांसह बिल घ्या. फाउंडेशन कुठे कापायचं आणि बेल हाउसिंग कसं जुळवायचं, ते पुढच्या वेळी.