ट्रॉलीचा मोडलेला पाटा घरी बदलताना

ऊसतोड सुरू झाली की घनसावंगी-अंबड भागातल्या ट्रॉल्या अंकुशनगरच्या कारखान्याच्या वाटेला लागतात. भर हंगामात कमानीचा पाटा मोडला आणि मिस्त्री दोन दिवस येईना, तर सगळं काम खोळंबतं. दोन जाणत्या माणसांना हा पाटा घरी बदलता येतो. मात्र यात जोरापेक्षा वजन कशावर टेकलंय, हे ओळखणं महत्त्वाचं.

आधी पाटा कुठं मोडला ते पाहा. मधल्या बोल्टाच्या भोकापाशी मोडला असेल तर बहुधा यू-बोल्ट ढिले राहिले होते. ते तसेच ठेवले तर नवा पाटाही तिथंच मोडेल. भोकापासून लांब मोडला असेल तर ओझं जास्त झालं, नाहीतर पाटा जुना होऊन थकला, असं धरावं.

मोडलेल्या पाट्याला वेल्डिंग करू नये. पाट्याचं पोलाद वेगळं असतं आणि त्याला तापवून, तेलात विझवून पाणी दिलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेनं ते पाणी उतरतं आणि पाटा सांध्याशेजारीच पुन्हा मोडतो. जालन्यात सळईचे कारखाने आहेत, म्हणून तिथली पट्टी कापून बसवावी असंही काहींना वाटतं. पण ते लोखंड एकदा वाकलं की वाकलेलंच राहतं.

यू-बोल्टांवर आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवा. ट्रॉली रिकामी करून सपाट, कडक जागी घ्यावी, पण ट्रॅक्टरपासून सोडू नये. दोन चाकांची ट्रॉली सोडली की कलंडते. ट्रॅक्टर गिअरमध्ये ठेवून ब्रेक लावा, चाकांना दगड लावा. आपल्या काळ्या जमिनीत जॅक रुततो, त्याखाली जाड फळी हवीच. चासी उचलून तिच्याखाली लाकडी ओंडके भक्कम रचा. विटा नकोत, त्या अचानक फुटतात. नुसत्या जॅकच्या भरवशावर ट्रॉलीखाली कुणीही शिरायचं नाही, अगदी पाना घ्यायलाही नाही.

दुसरा जॅक आसाखाली लावून आस तोलून धरा, म्हणजे पाट्यावरचा ताण जाईल. मगच यू-बोल्ट आणि शॅकल काढा. एका वेळी एकच बाजू खोलावी. दुसरी बाजू आस जागेवर धरून ठेवते. पाट्यांचा जुडगा उतरला की मधला बोल्ट खोलण्याआधी तो शिकंज्यात आवळावा आणि मग सावकाश सोडावा. नाहीतर दाबलेले पाटे उसळतात.

नवा पाटा लांबी, रुंदी आणि जाडीला जुन्यासारखाच घ्या. मधल्या बोल्टाचं डोकं आसावरच्या भोकात नीट बसलं पाहिजे. ट्रॉली चाकांवर उतरवल्यावर यू-बोल्ट आडवे-तिडवे, थोडे थोडे आवळा आणि पहिली भरलेली खेप झाली की पुन्हा आवळा. दोन्ही बाजूंना आस ते चासी अंतर मोजा. फरक दिसला तर समोरचा जुडगाही बदलावा.

जीपच्या कमानीलाही साधारण हीच रीत. मोटारीच्या गुंडाळीच्या स्प्रिंगला मात्र घरी हात लावू नका. ती दाबून बसवलेली असते. दाबून धरायचं खास अवजार नसताना वरचा नट काढला तर ती गोळीसारखी सुटते.

मोडका पाटा भंगारात घालू नका, गावच्या लोहाराकडे न्या. त्याची वखराची पास नाहीतर कोयता चांगला होतो.